बहिरूच्या बागेतलं विमान

लाकडं नीट सारा रे, धूर डोळ्यांत जातोय. हं. तर हे मला बहिरूनेच सांगितलंय, आणि पिऊन नाही, शुद्धीवर असताना. निफाडला आमचा बांधाला बांध होता.

अठ्ठ्याण्णव साल. मालेगावच्या भंगारवाल्याकडे बहिरू पाइप आणायला गेला आणि विमानाचं तोंड घेऊन आला, चालवणाऱ्याच्या बसायच्या जागेसकट! लढाऊ जेट, तेही चाचणीसाठी बनवलेलं पहिलंच. अकरा वेळा उडालं. बाराव्या वेळी आग लागली, वरची काच उघडेना, चालवणारा बसल्या जागी जळाला. हे सगळं ऐकूनही आमच्या शहाण्याने ते द्राक्षबागेत आणून ठेवलं. दिवसा आत फवारणीची औषधं ठेवायची, म्हणून काचेला बाहेरून कडी बसवली. रात्री राखणदार सोमा त्यातच झोपायचा.

सोळा जानेवारी, शुक्रवार. माल काढायला चार दिवस राहिलेले. थंडी अशी की पहाटे द्राक्षांचे मणी तडकणार. रात्री दोनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, हे सोमाचं काम. नेमका संध्याकाळी त्याच्या गावाहून, पेठहून निरोप आला, त्याची बायको भागुबाई बाळंतपणात अडलीय.

“मालक, जाऊ द्या. लय हाल चाललेत तिचे.”

“सकाळी जा. एका रातीनं काय होतंय?”

सोमा पेठच्या वाटेकडे बघत राहिला. हा पळणार, हे बहिरूने ओळखलं. दहाला सोमाचा डोळा लागला तशी त्याने बाहेरून कडी घातली. दोनला काढू म्हणे. माणसापेक्षा मण्यांची काळजी! मला अजून संताप येतो.

दोनला बहिरू बागेत आला. लांबूनच दिसलं... काच आतून लाल.

थाप. थाप.

“मालक... आत कुनीतरी हाय.”

बहिरूने कडीला हात लावला. चटका बसला.

“मालक, उघडा... त्यो मला सोडंना.”

उपरणं गुंडाळून कडी निघाली असती. बहिरूला ते सुचलंही. पण कडी काढली की सोमा पेठला जाणार. मग शेकोट्या?

त्याने स्वतः पेटवल्या. एकेक करून. सगळ्या.

थापा चालूच. आधी दोन हातांच्या. मग... चार.

मग काहीच नाही.

उजाडल्यावर त्याने काच उघडली. सोमा बसलेला. गारठून लाकूड झालेला. अंगावर भाजल्याची एक खूण नाही. आणि विमानाभोवतीच्या वेलींवर, तसल्या थंडीत, द्राक्षांचे बेदाणे झालेले. त्याने ते तोडून पिशवीत भरले.

डॉक्टर म्हणाले, थंडीने गेला. बाकीचा माल झकास निघाला.

तेराव्या दिवशी भागुबाई सोमाचं अंथरूण न्यायला आली. कुशीत त्याच रात्री झालेलं पोर. मी तिथेच होतो. बहिरूने घरातून त्या बेदाण्यांची पिशवी आणली.

“घे. बाळंतिणीला चांगले असतात.”

तिने पिशवी पोटाशी धरली आणि किंचाळून खाली टाकली.

मी उचलली. तोडून तेरा दिवस झाले होते...

पिशवी गरम होती.