आबा दिवसातून किती वेळा उठतात?

सन २०६२. मुक्ताची आजी म्हणजे माई जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. टेकडीवरच्या स्मृतिवनात माईची रक्षा मातीत मिसळून त्या जागी बकुळीचं रोप लावलं होतं. पायथ्यापर्यंत गाडी जाई, पुढे बासष्ट पायऱ्या मात्र चालूनच चढाव्या लागत. सतराव्या पायरीवर मुक्ताचे आजोबा, म्हणजे आबा, दम घ्यायला बसले, ते उठेचनात. शेवटी मुक्ताच्या बाबांनी काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि परत गाडीत आणून बसवलं. चाळीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. बकुळीला पाणी घालायचं राहूनच गेलं.

मुक्ताला कोडं पडलं. शहात्तर वर्षांचे आबा रोज पहाटे गच्चीवर तासभर व्यायाम करत आणि त्यात एक दिवसही खाडा नसे. डॉक्टरांनी परवाच त्यांचं हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. मग पायांतली ताकद गेली कुठे?

तिनं धोंडूला विचारलं. धोंडू हा घरातला यंत्रमानव. त्याला येऊन तीन वर्षं झाली होती, पण माई होती तोवर तिनं त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. धोंडूनं आधी आबांची उत्थान-चाचणी (हाताचा आधार न घेता खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, हे मोजणं) घेतली. दोन वर्षांपूर्वी ते बारा वेळा उठले होते. आज ते सहाच वेळा उठू शकले. चाचणी संपताच ते आपल्या खोलीत जाऊन बसले.

मग धोंडूनं मुक्ताला समजावलं. आबा सोळा तास जागे असतात. त्यातला एक तास व्यायामाचा आणि साडेअकरा तास बसण्याचे. बसल्यावर मांड्यांचे आणि कमरेखालचे मोठे स्नायू जवळजवळ काहीच काम करत नाहीत, रक्तातली साखरही फारशी वापरत नाहीत. म्हातारपणी स्नायुक्षय (स्नायू बारीक आणि दुबळे होत जाणं) होतच असतो, सतत बसून राहिलं की तो आणखी वाढतो.

"मग व्यायाम फुकट गेला?" मुक्तानं विचारलं.

तसं नव्हतं. व्यायाम नसता तर आबा सतरा पायऱ्यासुद्धा चढले नसते, असं धोंडू म्हणाला. पण सकाळी पोटभर जेवलं म्हणून कोणी दिवसभर पाण्यावाचून राहत नाही. व्यायामही हवा आणि बैठक-खंडही (लांबलचक बसण्याच्या मध्ये उठणं) हवा. खुर्चीतून उठताना माणूस आपलंच वजन उचलत असतो.

"माई असताना आबा दिवसातून अठ्ठावन्न वेळा उठायचे," धोंडू म्हणाला. "आता नऊ वेळा उठतात."

का, ते मुक्ताला विचारावं लागलं नाही. अहो, फळीवरचा डबा काढा. अहो, दूध बघा. अहो, दारात कोण आलंय? माई त्यांना घडीभर टेकू देत नसे, आणि आबा कुरकुरत का होईना, उठत असत. माई गेली आणि सगळं घर आबांना म्हणू लागलं, तुम्ही बसा. पाहुणा म्हणे बसा, शेजारी म्हणे बसा. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना बसवून ठेवलं की मान दिल्याचं समाधान मिळतं ना! आणि आबांना कशासाठीच उठावं लागू देऊ नकोस, असं धोंडूला सांगितलं होतं खुद्द मुक्तानं.

तिला रडू आवरेना. "म्हणजे आबांचे पाय मी घालवले?"

"तू एकटीनं नाही. सगळ्यांनी मिळून, आणि प्रेमानं," धोंडू म्हणाला. "पण स्नायू कोणत्याही वयात पुन्हा बळकट होऊ शकतात. फक्त म्हातारपणी वेळ जास्त लागतो."

मुक्ता डोळे पुसून आबांच्या खोलीत गेली. बाबांनी ऐकलं असतं तर वाक्य पुरंही करू दिलं नसतं, असं काहीतरी ती बोलली.

"आबा, मला चहा करून द्या ना."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. पहिल्या प्रयत्नाला ते अर्ध्यातूनच परत बसले. मुक्ताचा हात पुढे गेला होता, तो तिनं मागे घेतला. दुसऱ्या खेपेला ते उठले, भिंत धरत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभं राहून हुंदके देऊ लागले.

"वर्षभर कुणी मला एक काम सांगितलं नाही गं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझी गरजच संपली."

त्या दिवसापासून घरात त्यांना कामं सांगितली जाऊ लागली. तीन महिन्यांनी आबा तीस सेकंदांत नऊ वेळा उठले, आणि टेकडीच्या एकेचाळीस पायऱ्या चढले. तिथून माईच्या बकुळीची वरची पानं दिसत होती, पण पुढे पाऊल उचलेना. आबा उभ्या उभ्याच रडले. मुक्ताही रडली. मग नाक पुसून आबा म्हणाले, "एकवीस राहिल्या."