सामायिक भिंत

शिवणवाली लग्न होऊन त्या गल्लीत आली, तेव्हा सगळ्यात आधी तिला भिंतीची ओळख करून घ्यावी लागली. घरं एकमेकांना खेटून, दोन घरांत मिळून एकच भिंत, आणि तीही अशी की पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळावं. पलीकडे इस्त्रीवाली राहायची. एकीचे हात दिवसभर मशीनवर, दुसरीचे इस्त्रीवर. उठून दारापर्यंत जायला फुरसत होती कुणाला? पुढे दोघींना आगेमागे पोरी झाल्या, पोरी चालायला लागल्या, आणि ठोक्यांची पद्धत आपसूक पडून गेली.

तीन ठोके म्हणजे ‘तुझ्या पोरीला पाठव’. दोन ठोके म्हणजे ‘पाठवते’. पोर दारात आली की तिकडून एकच ठोका, ‘पोचली’. अंतर ते काय, या पायरीवरून त्या पायरीवर. पण गल्लीतून टेम्पो आणि मोटारसायकली अशा बेफाम जायच्या की तेवढ्यातही जीव टांगणीला लागायचा. तो एक ठोका ऐकू येईपर्यंत शिवणवालीचा पाय मशीनच्या पायडलवर नुसता टेकलेला असायचा.

शिवणवालीच्या लेकीला सगळी गल्ली टकळी म्हणायची, कारण उठल्यापासून झोपेपर्यंत तिचं तोंड चालू. इस्त्रीवालीची पोर गरीब, अबोल, कायम टकळीच्या मागे. तिचं नाव पडलं शेपटी. दोघी वाढून चांगल्या चौदा वर्षांच्या घोड्या झाल्या, तरी आयांचे ठोके काही थांबले नाहीत. टकळी चिडायची. “आई, मी काय आता तान्ही आहे का? पोचले न पोचले, कशाला विचारायचं?” शिवणवाली म्हणायची, “तू आई झालीस की सांगते.”

मग गल्लीवरून मोठा रस्ता न्यायचं ठरलं. मोर्चे झाले, रडारड झाली, आणि शेवटी सगळ्यांना शहराबाहेरच्या नव्या इमारतींत घरं मिळाली. चिठ्ठ्या टाकून. त्यामुळे शेजारी म्हणून कुणाला कुणी उरलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी इस्त्रीवालीचं दार सताड उघडं दिसलं. टेबलावर इस्त्री, तिच्या बाजूला कुणाचा तरी अर्धाच इस्त्री केलेला शर्ट. माय-लेकींचा पत्ता नाही. चुलीवर झाकलेलं जेवण तसंच. कुणी म्हणालं भावाकडे गेली, कुणी म्हणालं आधीच ट्रक करून निघाली. पण सामान तर जागेवर होतं! दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि आपल्याच बोज्यांच्या गडबडीत जो तो निघून गेला. इस्त्रीवालीचा फोन त्यानंतर कधी लागला नाही.

नवं घर अकराव्या मजल्यावर, कोपऱ्यातलं. दोन खोल्या, स्वच्छ, उजेडाच्या, नळाला चोवीस तास पाणी. नाव ठेवायला जागा नव्हती. शिवणवालीनं मशीन बाहेरच्या खोलीत उजवीकडच्या भिंतीला लावलं. तीच भिंत पुढे आतल्या खोलीत जात होती, आणि तिथे टकळीची कॉट होती. त्या भिंतीपलीकडे घर नव्हतं. इमारतच तिथे संपत होती.

टकळीच्या तोंडाला कुलूप लागलं ते इथे आल्यापासून. नव्या शाळेत जायची, यायची, भिंतीला पाठ लावून बसायची. विचारलं तर “हं”. ताटातलं निम्मं ताटात. गल्लीतली माणसं लिफ्टमध्ये भेटायची, पण तीही अशी बावरलेली की दोन शब्द बोलून आकड्यांच्या दिव्याकडे बघत उभी. पूर्वी जी भाजीवाली सगळ्या गल्लीची भांडणं सोडवायची, ती आता तिसऱ्या मजल्यावर दार लावून टीव्ही बघत बसायची. शिवणवालीला लेकीची खरोखरच काळजी वाटायला लागली होती. बोलणारी पोर गप्प झाली की घर खायला उठतं.

ठोके पहिल्यांदा आले ते एका दुपारी. शिवणवाली पडद्यांना पट्टी लावत होती. भिंतीतून ठक, ठक, ठक. तिनं मशीन थांबवलं. आतल्या खोलीत टकळीही उठून उभी राहिलेली तिनं पाहिली.

“आई,” टकळी म्हणाली. किती दिवसांनी तिनं आपणहून हाक मारली होती! “ऐकलंस?”

“पाइप असेल गं.”

शिवणवालीचा नवरा नळकाम करणारा. त्याला घरी आल्यावर सांगितलं, तर तो हसला. “पाण्याचा दाब बदलला की पाइप वाजतो. घाबरायचं काय त्यात?” तरी त्यानं भिंतीला कान लावला, पान्याच्या दांड्यानं इथे तिथे ठोकून पाहिलं. हळूहळू हसू मावळलं. “या भिंतीत नळच नाही,” तो म्हणाला. “सगळे पाइप डाव्या बाजूनं चढलेत.” दुसऱ्या दिवशी तो खाली जाऊन वॉचमनला घेऊन इमारतीच्या त्या बाजूला उभा राहिला. वर सरळसोट भिंत. खिडकी नाही, सज्जा नाही, पाखराला बसायला कंगोरा नाही. वॉचमन म्हणाला, “साहेब, तुम्ही पण भिंतीतल्या आवाजाचंच विचारताय? चौथ्या मजल्यावरची बाई पण परवा हेच विचारत होती.” चौथ्या मजल्यावर गल्लीतलंच कुटुंब होतं.

ठोके रोज यायला लागले. कायम तीनच. मग शिवणवालीला भिंतीवर एक जागा सापडली, टकळीच्या कॉटजवळ, पदर पसरावा एवढी. बाहेर गार वारा असला, पावसानं सगळी भिंत ओलीगच्च झाली, तरी ती जागा कोमट. तिथे नाक नेलं की खळ दिलेल्या गरम कपड्याचा वास यायचा. गल्लीतल्या घराची भिंत अशीच असायची, कारण इस्त्रीचं टेबल तिला लागून होतं. शिवणवालीनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

पण टकळी बोलायला लागली होती. त्याचं काय करायचं? कोमट जागेला पाठ लावून ती तासन् तास बडबड करायची. शाळेतल्या मास्तरांच्या नकला, कुणाची वेणी, कुणाचं लग्न. मध्येच थांबायची, ऐकायची, आणि खळखळून हसायची. ताट चाटूनपुसून साफ करायची. शिवणवाली बाहेरच्या खोलीत मशीन चालवत ते हसू ऐकायची. तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून अंगावर काटा यायचा. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं नाही. पोर जेवतेय ना, मग होईल सगळं ठीक, असं ती स्वतःला बजावत राहिली.

एका दुपारी टकळी येऊन मशीनशी उभी राहिली. “आई, तू उत्तर का देत नाहीस?”

“कशाचं उत्तर?”

“काकू रोज बोलावतायत मला. शेपटी वाट बघतेय. तू ‘पाठवते’ म्हटल्याशिवाय मला जाता येत नाही ना.”

“कुठे जाणार आहेस तू? अगं, पलीकडे काही नाहीये! बाहेर जाऊन बघ एकदा डोळे उघडून.”

“बाहेरून नाही दिसत,” टकळी शांतपणे म्हणाली. “आपली अख्खी गल्ली आहे तिकडे, आई. भाजीवाली काकू पण असते मधूनमधून.”

शिवणवालीनं त्याच दिवशी शेजारच्या माणसांना बोलावून लोखंडी कपाट त्या कोमट जागेवर सरकवलं, आणि टकळीची कॉट समोरच्या भिंतीला लावली. टकळीनं आकांत केला नाही. नुसती बघत राहिली. त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. जेवण पुन्हा ताटात राहायला लागलं. डोळ्यांखाली काळं आलं, मनगटं काटकुळी झाली. नवरा म्हणाला, “डॉक्टरला दाखवू.” दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जागा बदलली की पोरांना होतं असं, रुळेल. शिवणवाली दातओठ खाऊन कपाटाकडे बघायची. हिला मरू देणार नाही आणि त्यांना देणारही नाही, एवढं तिनं पक्कं केलं होतं.

आणि मग ती दुपार.

एका हॉटेलचे पडदे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. कापडाचा डोंगर मांडीवर, तोंडात टाचण्या, मशीन भरधाव. मान वर करायला वेळ नव्हता. टकळी आत अंथरुणावर पडली होती. अशा वेळी माणसाचं डोकं कामात असतं आणि हात आपापलं करत असतात. भिंतीतून ठक, ठक, ठक आलं. शिवणवालीनं डाव्या हातानं कापड सरकवलं, उजव्या हातातल्या कात्रीच्या मुठीनं भिंतीवर दोन ठोके दिले, आणि शिवण पुढे घेतली.

बोटभर शिवण झाली असेल. मग तिच्या लक्षात आलं.

तोंडातल्या टाचण्या जमिनीवर पडल्या.

“टकळे?”

ती धावत आत गेली. अंथरुणावर उशीत डोक्याचा खळगा. चादर अजून ऊबदार. खिडकीला गज. कपाट जागच्या जागी, भिंतीला चिकटलेलं. ती दाराकडे पळाली. दाराला आतून कडी होती.

“टकळे! अगं ए बाई, थट्टा पुरे!”

भिंतीतून एक ठोका आला.

नवरा आला तेव्हा शिवणवाली कपाट ढकलून ढकलून नखं मोडून बसली होती. पोलीस आले. लिफ्टच्या कॅमेऱ्यात पोर उतरलेली दिसत नव्हती, जिन्याच्याही नाही. गच्ची, टाक्या, तळघर, सगळं धुंडाळलं. कडी आतून होती असं शिवणवाली सांगायची, तेव्हा पोलीस एकमेकांकडे बघायचे. आपण दिलेल्या ठोक्यांचं तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं. त्यानं छिन्नी-हातोडा आणून कपाट बाजूला लोटलं आणि त्या कोमट जागेवर घाव घालायला लागला.

वीट फुटली. सिमेंट उडालं. तो वेड्यासारखा मारत होता आणि लेकीला हाका घालत होता.

भोक पडलं, आणि त्यातून ऊन आत आलं.

पलीकडे आभाळ होतं. खूप खाली गाड्या उभ्या होत्या. वाऱ्यानं शिवणवालीचा पदर उडाला. नवरा हातोडा टाकून मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

पुढे तो रोज पोलीस ठाण्यात जायला लागला. शिवणवाली घरी थांबायची. दोन्ही वेळचा स्वयंपाक करून टकळीचं ताट वाढून ठेवायची, कारण तिला एक गोष्ट आठवली होती. पोरीला परत पाठव, असं सांगायचा ठोका त्या दोघींनी कधी ठरवलाच नव्हता. तशी गरजच पडली नव्हती कधी. भूक लागली की पोरी आपोआप घरी यायच्या.

ताटं गार होत राहिली. भोकावर नवऱ्यानं पोत्याचं कापड ठोकलं होतं, ते फडफडत राहिलं.

शेवटी एका दुपारी तिला राहवलं नाही. तिला येत होते तेच ठोके तिनं दिले. भोकाशेजारी, मूठ आवळून, तीन.

लगेच उत्तर आलं. जणू कुणी हात उचलूनच बसलं होतं.

दोन.

शिवणवाली उभी होती तिथेच उभी राहिली. मागे कॉट करकरली. “टकळे!” म्हणून ती गर्रकन वळली.

कॉटवर शेपटी बसली होती. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, कडक इस्त्रीचा फ्रॉक, पाय जुळवलेले. पहिल्यापासून बसायची तशीच, अवघडून.

“काकू,” ती म्हणाली, “टकळी अजून थोडा वेळ थांबतेय. तिनंच सांगायला सांगितलंय.”

“कधी... कधी येईल गं ती?”

“भूक लागली की येईल.” शेपटीनं मान खाली घातली. “पण काकू, तिकडे भूकच लागत नाही.”

पोत्याचं कापड फडफडलं आणि ऊन कॉटपर्यंत येऊन गेलं. शिवणवाली पोरीकडे बघत राहिली. हिला हाकलायचं? धरून ठेवायचं? हिला मारलं तर ती मिळेल का? सगळे विचार एकदम आले. तेवढ्यात शेपटी भिंतीकडे बघून चुळबुळ करायला लागली.

“काकू, आईला ठोका द्या ना,” ती म्हणाली. “कधीची वाट बघत असेल. मी पोचले की नाही, तिला कसं कळणार?”

भिंतीपलीकडे काहीच हलत नव्हतं. तिथे कुणीतरी श्वास धरून बसलं आहे, हे शिवणवालीला स्पष्ट कळलं. आपली पोर पोचली की नाही हे न कळता बसून राहणं म्हणजे काय, ते आता तिला कुणी सांगायला नको होतं.

तिनं डोळे पुसले, मूठ वळली, आणि भिंतीवर एक ठोका दिला.