कोठी म्हणून दाखवलेली खोली

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि खरी आहे. जिच्या घरी घडली तिनंच मला सांगितली. सांगताना तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदरामागच्या टेकडीवरचं घर.

प्यो ग्येसुक, वय साठ. बाजारात किमची आणि खारवलेल्या माशांचं दुकान. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी, नारे, लग्न होऊन ग्वांग्जूला. तिला नुकतंच बाळ झालं होतं आणि नवऱ्यासह आईकडेच राहायला यायचं तिच्या मनात होतं. बाळाला मागची खोली, हे तिनं परस्पर ठरवूनही टाकलं.

ती खोली ग्येसुकच्या नवऱ्यानं परवानगी न काढता बांधलेली. वर पत्रा, खिडकी हातभर. अशी जुनी बांधकामं नियमित करून घ्यायला सरकारनं वर्षभराची मुदत दिली होती. आधी आर्किटेक्टनं मोजमाप घ्यायचं, मग पालिकेचा माणूस पाहणी करणार, मग दाखला.

"दाखला घेऊन टाक ना आई," नारे फोनवर म्हणाली. "एवढं कशाला घाबरतेस?"

ग्येसुकनं विषय बदलला.

तेरा वर्षं तिनं त्या खोलीत पाय ठेवला नव्हता.

आर्किटेक्ट आली. मेंग आडनावाची, पंचविशीची पोरगी. दुपारचे दोन वाजले होते. ग्येसुकनं कुलूप काढलं आणि स्वतः अंगणातच उभी राहिली.

आतून मोजणीच्या यंत्राची टिकटिक येत होती.

मग ती थांबली...

पोरगी दारात आली. आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, त्या आजींना जरा भिंतीपासून सरकायला सांगता का? मी सांगितलं, पण त्या उत्तरच देत नाहीत."

"कुठल्या आजी?"

"आत बसल्यात त्या. तोंडावर हात धरून."

ग्येसुकनं तिला बाजूला सारलं.

ती आत गेली.

खोली रिकामी होती.

पण उंबरा ओलांडला आणि बाहेरचं सगळं बंद झालं. समुद्रपक्ष्यांची कलकल नाही, शेजारचा रेडिओ नाही. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

आणि वास... गुडघ्यांना लावायच्या औषधी पट्टीचा. ताजा.

"कोणी नाही इथं," ती म्हणाली. "कोठी आहे ही. सामानाची."

शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. हेच वाक्य तिनं किती वेळा म्हटलं होतं.

त्या खोलीत अकरा वर्षं एक भाडेकरू होती. थाक बोकसून. बंदरावर जाळी दुरुस्त करायची. जवळचं कोणी नाही. शेजारी अधूनमधून बांधकामाची तक्रार करायचे आणि पालिकेची माणसं यायची. ती आली, की भाडेकरू दिसू नये म्हणून ग्येसुक आजीच्या चपला आत टाकायची, दिवा बंद करायची, खोली उबदार ठेवणारी गरम पाण्याची नळी बंद करायची. मग बाहेरून कुलूप.

"आजी, मी उघडेपर्यंत हूं की चूं करायचं नाही."

"मी काय तान्ही आहे का गं?" आजी हसायची. आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून दाखवायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी पालिकेची माणसं येऊन गेली. तेवढ्यात दुकानातून फोन आला. कोणाच्या तरी अंत्यविधीच्या जेवणाची मोठी मागणी होती. ग्येसुक तशीच धावली. रात्री अकराला आली आणि अंथरुणावर पडली.

सकाळी भात लावताना तिला कुलूप आठवलं.

आजी भिंतीला टेकून बसली होती. थंडगार.

हात तोंडावर तसाच.

ग्येसुकनं मग काय केलं? तिनं आजीला ओढत आपल्या अंथरुणावर आणून निजवलं. डॉक्टरला सांगितलं, आमची लांबची आत्या, भेटायला आली होती, झोपेतच गेली. नारे तेव्हा पंधरा वर्षांची. तिलाही सांगितलं, आजीला रात्री बरं नव्हतं, म्हणून आत आणलं.

कागदावर खोली कोठीच राहिली.

आठवड्यानं पाहणीचा दिवस आला. नारेही बाळाला घेऊन आली होती. पालिकेचा माणूस पन्नाशीचा, कंटाळलेला. खोलीत शिरला. दोन भिंती पाहिल्या. तिसरीकडे वळला...

आणि किंचित वाकला. वडीलधाऱ्यांसमोर वाकतात तसा. मग स्वतःच गोंधळला. काय केलं हे त्याचं त्यालाच कळेना.

"ही खोली कशासाठी वापरत होता?" त्यानं हातातल्या कागदाकडे बघत विचारलं.

'कोठी' हा शब्द ग्येसुकच्या जिभेवर आला होता.

पण तिनं सगळं सांगितलं. कुलूप. फोन. ओढत नेलेला देह. त्या परक्या माणसासमोर, पोटच्या पोरीसमोर. मान वर झालीच नाही.

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. या सगळ्यासाठी अर्जात रकाना नाही, एवढंच म्हणाला. 'राहती खोली' असं लिहिलं आणि गेला.

नारे बाळाला घट्ट धरून उभी होती.

"आई, त्या संध्याकाळी मी घरात होते."

ग्येसुकनं तिच्याकडे पाहिलं.

"माझी खोली याच भिंतीपलीकडे. मला बोलणं ऐकू येत होतं. आजी विचारत होती, अजून किती वेळ गं? आणि तू म्हणालीस, थोडंच राहिलंय, मी इथंच बसलेय ना."

"मी?"

"तुझाच आवाज होता. म्हणून तर मी उठले नाही. मला वाटलं, तू आहेस."

त्या वेळी ग्येसुक बाजारात मासे खारवत होती. तिच्या शेजारी चार बायका होत्या.

दाखला महिन्याभरानं आला. नारे राहायला आली नाही. फोन करते, पण कामापुरतं बोलते.

ग्येसुकला आजीची भीती वाटत नाही. आजीपुढे ती मान खाली घालते, एवढंच. तिला झोप लागू देत नाही ती दुसरीच, तिच्या आवाजात बोललेली.

"माझ्या आवाजात कोण बसलं होतं तिच्याजवळ?" तिनं मला विचारलं. "तिला धीर देत होतं... की गप्प ठेवत होतं?"

मी निरोप घेतला. टेकडी उतरताना मागून ग्येसुकनं हाक मारल्यासारखं वाटलं. आवाज तिचाच होता.

मी थांबले नाही. वळूनही पाहिलं नाही.

खरंच तिनंच बोलावलं असेल तर... न थांबल्याची मला अजून लाज वाटते.