पोंग्यातली अळी

"दुकानदारानं विष विकलं मला! त्याचं दुकान बंद करा!"

फोन ठेवून कृषी अधिकारी बाई तशाच निघाल्या. शेतात पोचल्या तर परवापर्यंत हिरवंगार असलेलं सोयाबीन वेडंवाकडं झालेलं. शेंडे पिळवटलेले, पानं वाटीसारखी वळलेली. बांधावर फोन करणारी शेताची मालकीण बसली होती. शेजारी तिचा थोरला भाऊ, समोर घामाघूम दुकानदार.

"फवारलं कोणी?"

"मीच. अळीचं औषध. दादानं कालवून दिलं, पंपही पाठीवर चढवला. वडिलांनी अर्धं शेत माझ्या नावावर केलं, त्यातलं हे पहिलंच पीक. दादा नसता तर माझं काही खरं नव्हतं."

"मॅडम, बाटली सीलबंद होती हो," दुकानदार रडकुंडीला आला.

बाई वाकल्या. वळलेल्या पानांवर अळ्या मजेत चरत होत्या. मधलं गवत टवटवीत. पलीकडे भावाचा मका ताठ उभा.

"तुम्ही मक्यावर काय मारलंत?"

"मागे एकदा तणनाशक, बस्स. अळीच्या औषधाचा थेंबही नाही," भाऊ म्हणाला.

बाई मक्यात शिरल्या. एक पोंगा, म्हणजे शेंड्याची कोवळी सुरळी, उलगडून पाहिला. मग दुसरा, तिसरा. परत आल्या त्या थेट दुकानदाराकडे.

"तुम्ही घरी जा. सोयाबीन तणनाशकानं गेलंय. ते मक्याला नि गवताला काही करत नाही, रुंद पानांचं मात्र वाटोळं करतं."

"पंप धुवायचा राहिला असेल," भाऊ घाईनं म्हणाला. "चूक माणसाकडूनच होते."

"मलाही तसंच वाटलं असतं. पण मग तिच्या औषधानं अळ्या मेल्या असत्या. त्या जिवंत आहेत, म्हणजे पंपात ते औषध नव्हतंच. मग गेलं कुठे? तुमच्या पोंग्यांत अळ्या मरून पडल्यात. थेंबही न मारता?"

भावानं मान खाली घातली. "वाटलं, पीक गेलं की कंटाळून शेत सोडशील," तो बहिणीकडे न बघता पुटपुटला. "जमीन घरातच राहिली असती."

"म्हणजे मी घरातली नाही?"

तिनं आधी दुकानदारापुढे हात जोडले. त्याला दिलेल्या शिव्यांची तिला लाज वाटत होती. मग ती भावाकडे वळली.

"पंप चढवताना म्हणाला होतास, एकही झाड सोडू नकोस." तिला हुंदका फुटला. "नाही सोडलं रे, दादा."