तिसऱ्या लेकीची नोंद

"घे उषा, आजपासून ही लेक तुझी!" असं म्हणत भुजंगरावांनी बारा दिवसांची तान्हुली धाकट्या भावजयीच्या ओटीत ठेवली, आणि नऊ वर्षं रिती राहिलेली उषाबाईंची ओटी थरथरली... त्यांचा नवरा, भुजंगरावांचा धाकटा भाऊ बद्रीनाथ, याच्या काळजात मात्र चर्र झालं!

भुजंगराव वडीगोद्रीकडच्या एका गावाचे सरपंच. तिसरं मूल झालं की पद जायचं, असा कायदा नुकताच आला होता. त्यांच्या पत्नी चतुराबाई माहेरी बाळंत झाल्या, आणि नेमका त्याच गावात बद्रीनाथ ग्रामसेवक! जन्माची नोंद त्याच्याच हातून व्हायची होती.

"आई म्हणून उषाचं नाव लिही, बाप म्हणून तुझं. तुम्हाला लेक, मला पद. कोणाचं वाईट होऊन राह्यलं यात?"

"दादा, खोटी नोंद कशी करू?"

"बाप गेल्यावर शाळा सोडून औत कोणी धरलं? तुला अंबडला शिकाया कोणी ठिवलं? बोल की!"

ज्या हातांनी घास भरवला त्यांनाच नाही म्हणायचं? एकीकडे पितृतुल्य भाऊ, दुसरीकडे बाळाला उराशी कवटाळून आशेनं पाहणारी पत्नी... आणि बाजेवर, भिंतीकडे तोंड करून मुकाट अश्रू ढाळणारी ती माता! तिला तर कुणी विचारलंच नव्हतं.

"वहिनी, तुम्ही बोला," तो कातर स्वरात म्हणाला.

"मी काय बोलू, भावजी? माझ्या छातीला दूध येऊन राह्यलंय..."

उषाबाई उठल्या. बाळाच्या कपाळावर ओठ टेकवले आणि त्यांनी ते जावेच्या कुशीत ठेवलं. "खरं तेच लिहा," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या.

बद्रीनाथानं खरं तेच लिहिलं. भुजंगरावांचं पद गेलं. "मला भाऊ न्हाई!" म्हणून त्यांनी संबंध तोडले, ना दिवाळी, ना निरोप. बदली झाली, गावं बदलली, पण बद्रीनाथाच्या मनातली ती अपराधाची सल काही हलली नाही.

तीन वर्षांनी जाफराबादच्या बिऱ्हाडी, भर दुपारी, भुजंगराव दारात उभे राहिले. सोबत चतुराबाई, कडेवर लेक.

"बद्री... हिला ताप आल्ता. आठ दिवस माझ्या मांडीवरून उतरली न्हाई." त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "हिला मी देऊन टाकणार व्हतो रे! खुर्चीपायी..."

बद्रीनाथ त्यांच्या पायांवर कोसळला. भावानं त्याला उचलून छातीशी धरलं.

"काकूला हाक मार गं," चतुराबाई म्हणाल्या.

"काकू!"

उषाबाई हसल्या. तिच्यासाठी गुळाचा खडा आणते म्हणून आत गेल्या... आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बद्रीनाथाला त्यांना हाक मारायचा धीर झाला नाही.