चोरपायरी

मी बाबांना कामावरून घरी न्यायला गेले होते, बस्स. एवढंच काम.

बाबा त्या किल्ल्याचे जुने पहारेकरी. किल्ल्याचं पंचतारांकित हॉटेल झालं, तोफेच्या जागी कारंजं आलं, तरी बाबा हलले नाहीत. पाहुण्यांना इतिहास सांगायचे. त्यातली त्यांची लाडकी गोष्ट म्हणजे बुरुजाच्या जिन्यातली चोरपायरी. एकच पायरी मुद्दाम दुप्पट उंच! अंधारात चढणारा शत्रू तिथं ठेचकाळायचा. पहारेकऱ्यांच्या पायांना मात्र सवय. हॉटेलवाल्यांनी मध्ये सिमेंट भरलं, वर संगमरवर बसवला, सगळ्या पायऱ्या सारख्या केल्या. बाबा तरीही तिथं पाऊल लांबच टाकायचे.

"अहो बाबा, लोक हसतात!"

"हसू दे. पायरी आहे तिथंच आहे."

हट्टी म्हणजे किती हट्टी!

त्या संध्याकाळी आम्ही बुरुजावर असतानाच खाली आग लागली. दिवे गेले. धूर जिन्यात भरला. मी बाबांचा हात धरून उतरायला लागले, पण त्यांना धाप लागली आणि ते मटकन खाली बसले. आई गेल्यावर मला तेवढं एकच माणूस उरलं होतं हो.

"तू जा पोरी..."

"गप्प बसा. उठा आधी!"

उठवलं. आणि वास बदलला. जळक्या वायरींचा गेला, मशालीच्या तेलाचा आला. हाताखालची रंगवलेली भिंत एकदम खरखरीत, ओली लागायला लागली. पुढून कुणीतरी हळूच म्हणालं, "पाऊल लांब टाका... चोरपायरी आहे..."

मी पाय सोडला. खाली काही लागेचना! मग थंडगार दगड लागला. बाबांना अक्षरशः उचलून उतरवलं. थोडं पुढं गेलो तर तोंडावर गार वारा. वाचलो!

"माझी एक चप्पल राहिली गं आत. नवी होती," बाबा कुरकुरले. मी रडता रडता हसले.

पुढं दुरुस्तीला गवंडी आला. त्यानं चोरपायरीवरचा तडकलेला संगमरवर काढला, सिमेंट फोडलं आणि मला हाक मारली. सिमेंटच्या पोटात, जुन्या दगडावर, बाबांची चप्पल होती. जळलेली नाही, चेपलेलीही नाही.

बाबांनी झटकली आणि घातली पायात. अजून वापरतात, ठणठणीत आहेत. तो जिना रोज एकटे उतरतात. मी खाली उभी राहून ऐकते.

पावलं दोघांची वाजतात.