ऐंशी थेंब

ही गोष्ट खरी आहे. बिल्याना माझी आतेबहीण. तिच्या तोंडून मी ती तीनदा ऐकलीय, आणि तिन्ही वेळा एक शब्दही बदलला नाही.

चार मार्च, मंगळवार. दुपारचे बारा. प्लोव्दिव्ह शहरातल्या एका प्रयोगशाळेची शीतखोली.

दारावर राद्कामावशीच्या निधनाचा कागद चिकटवलेला, फोटोसकट. त्या दिवशी तिचा चाळिसावा होता; तिकडे तो आपल्या तेराव्यासारखा पाळतात. मावशीनं तीस वर्षं इथं एकच काम केलं... तिच्या गावच्या दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंपासून दुधातली साखर पचवणारं एन्झाइम वेगळं काढायचं.

"चार वाजता शुद्ध एन्झाइम दाखव," प्रयोगशाळेचे प्रमुख कालचेव्ह सर बिल्यानाला म्हणाले. "नाहीतर उद्या ते विरजण फ्रीझरमधून बाहेर. मला जागा हवीय. आणि तो कागद काढ आता."

"कागद राहील, सर. विरजणही राहील."

"नळ्या बदलणारं यंत्र बंद आहे, माहितीय ना?"

"हात आहेत की मला!"

ती आत गेली. काचेच्या उभ्या नळकांड्यातून विरजणाच्या अर्काचे गाळलेले थेंब पडत होते.

टप्... टप्...

ऐंशी झाले की नवी नळी लावायची. भरलेली डावीकडून ओळीत ठेवायची. मोजणी चुकली की एन्झाइममध्ये घाण मिसळणार.

दोन तासांत बोटं बधिर झाली. एकविसावी नळी हातून निसटून फुटली. बिल्यानानं बाविसावी लावली, बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं आणि क्षणभर हात शेकायला हीटरपाशी टेकली.

तिचा डोळा लागला.

उठली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती धावली. सगळं वाहून गेलं असणार...

कुलूप तसंच. किल्ली तिच्याच खिशात.

आत फरशी कोरडी होती.

थेंबांचा आवाज नव्हता. नळकांड्याची तोटी कुणीतरी बंद केली होती.

उरलेल्या सगळ्या नळ्या भरलेल्या... एकाच उंचीपर्यंत. आणि ही नवी ओळ उजवीकडून लावलेली.

राद्कामावशी डावखुरी होती.

बिल्याना पळाली नाही.

"घाबरवतेस कुणाला?" ती मोठ्यानं म्हणाली. "थांब, निकाल तरी बघ."

तिनं प्रत्येक नळीतला थोडा द्रव घेऊन त्यात तपासणीचं रसायन टाकलं. एन्झाइम असेल तिथंच पिवळा रंग यायचा.

काही नाही... काही नाही...

उजवीकडून तिसरी लिंबासारखी पिवळी झाली. चौथीही. बाकी सगळ्या स्वच्छ.

चार वाजता सर आले. नळ्यांच्या ओळीपाशी वाकले.

"उलट्या का लावल्यास?"

"मी नाही लावल्या."

"मग कोणी?"

बिल्यानानं दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. सरांनी विरजण ठेवायच्या अर्जावर सही केली. विरजण अजून फ्रीझरमध्ये आहे. कागदही दारावर आहे.

परवा मात्र... काचेचं नळकांडं धुऊन कपाटात ठेवलेलं असताना, बंद शीतखोलीतून आवाज आला.

टप्... टप्...

बिल्यानानं मोजले. ऐंशी. मग काचेवर काच टेकल्याचा किणकिणाट.

"मावशी, पुरे!" ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली. "आता माझी पाळी."

तिनं दाराला कान लावला...

मग पुन्हा पहिला थेंब.